हुप्पा उभारण्याआधी

ज्यू लग्नात वधूवर ज्या चांदव्याखाली उभे राहतात त्याला हुप्पा म्हणतात. चार दांड्या, वर ताणलेलं कापड आणि चारही बाजू उघड्या. गेल्या काही दशकांत, विशेषतः अमेरिकेत, हा हुप्पा लग्नसजावटीच्या धंद्यात शिरला आणि तिथे लाडका झाला. समुद्रकिनाऱ्यावर, द्राक्षमळ्यात, हॉटेलच्या हिरवळीवर तो भाड्याने उभारून मिळतो. बर्चच्या सालीसकट दांड्या, ऑर्किडचे झुबके, शिफॉनच्या झालरी, हवं ते मिळतं. जोडपं ज्यू असायलाच हवं असंही आता राहिलेलं नाही.

या प्रकाराबद्दल दोन मतं सर्रास ऐकू येतात. सजावटकारांचं मत असं की हुप्पा ही एक देखणी चौकट आहे, तिने स्टेजला उठाव येतो, मग ती कुणीही वापरावी. दुसरं मत परंपरेच्या राखणदारांचं. हुप्पा हे ज्यू धर्माचं चिन्ह आहे, इतरांनी त्याला हात लावू नये आणि ज्यूंनीही त्यावर फुलांचा डोंगर रचू नये, असं ते म्हणतात. ही मतं एकमेकांच्या विरोधातली वाटतात, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही हुप्प्याकडे वस्तू म्हणून पाहतात, आणि ती वस्तू कोणाच्या मालकीची एवढ्यावरच भांडतात.

माझं म्हणणं असं: हुप्पा उभारला जातो तो एका कायदेशीर कृतीसाठी, लोकांच्या देखत आणि तेवढ्या वेळापुरता. ही कृती जिथे घडते तिथला हुप्पा फुलांनी कितीही मढवला तरी हुप्पाच राहतो. ती जिथे घडत नाही तिथे तो एखाद्या कर्मठ ज्यू कुटुंबाने उभारलेला असला तरी फोटोची चौकटच असतो. म्हणून सजावट किती आणि वापरणारा कोण, हे प्रश्न नंतरचे. त्याखाली काय घडणार आहे, हा पहिला.

१. आधी कृती, मग कापड

ज्यू धर्मशास्त्रात लग्नाचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात वर दोन साक्षीदारांसमोर वधूला मौल्यवान वस्तू देतो, आज बहुधा अंगठी, आणि ती त्याची वाग्दत्ता होते. हे बंधन आपल्या साखरपुड्यापेक्षा कितीतरी पक्कं असतं, ते मोडायला घटस्फोटच लागतो. दुसऱ्या टप्प्यात दोघांचं सहजीवन सुरू होतं. प्राचीन काळी या दोन टप्प्यांत बारा महिन्यांपर्यंत अंतर असे. तोवर वधू माहेरीच राही. मध्ययुगात दोन्ही विधी एकाच दिवशी, पाठोपाठ होऊ लागले आणि मधली सीमारेषा म्हणून केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, मोठ्याने वाचला जाऊ लागला.

दुसरा टप्पा नेमका कशाने पूर्ण होतो, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हुप्पा. आणि या उत्तरावर धर्मपंडितांचं एकमत नव्हतं. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इसर्लेस यांनी ‘शुल्हान आरूख’ या धर्मसंहितेवर टिपा लिहिल्या. त्यांत त्यांनी हे मतभेद ओळीने नोंदवले आहेत. कोणाच्या मते दोघांचा एकांत म्हणजे हुप्पा. कोणाच्या मते वराने वधूला आपल्या घरी आणणं म्हणजे हुप्पा. कोणी म्हणे आशीर्वादाच्या वेळी दोघांच्या डोक्यावर वस्त्र पसरतात तो, तर कोणी म्हणे वधू डोक्यावर ओढणी घेऊन बाहेर पडते तो. एवढं सांगून झाल्यावर इसर्लेस आपल्या काळचा रिवाज देतात: दांड्यांवर कापड ताणतात, वधूवरांना सर्वांदेखत त्याखाली आणतात, तिथे विधी करतात, मग त्यांना घरी नेतात आणि ती दोघं एकांतात जेवतात.

ही यादी नीट वाचली की आजच्या वादातली हवा निघून जाते. दांड्या आणि कापड ही त्या यादीतली शेवटची नोंद आहे. तीसुद्धा एकटी नाही, तिला घर आणि एकांत जोडलेले आहेत. अनेक ज्यू लग्नांत आजही चांदव्याखालचा विधी संपला की वधूवरांना थोडा वेळ एका खोलीत एकटं सोडतात. दिवसभर उपास केलेली ती दोघं तिथे पहिला घास घेतात आणि दाराबाहेर साक्षीदार उभे असतात. सजावटीच्या हुप्प्यात नेमकी हीच खोली गळते. विधी संपला की फोटोवाल्याची घाई सुरू होते. दांड्यांवर लाखो रुपये खर्च करून एकांताची दहा मिनिटं कापली जातात, तेव्हा हुप्प्याचा अर्धा भाग टाकून दिलेला असतो. फुलं कमी की जास्त, ही चर्चा तिथे निरर्थक ठरते.

२. उणिवांचीच रचना

हुप्प्यात काय नाही ते पाहिलं पाहिजे. भिंती नाहीत, दार नाही, जमीन स्वतःची नाही, बसायला आसनही नाही. हे वधूवरांचं पहिलं घर मानलं जातं आणि घराला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यात वगळलेली आहे. चारही बाजू उघड्या का, याचं परंपरेतलं एक स्पष्टीकरण ज्यूंचा आदिपुरुष अब्राहम याच्या तंबूकडे बोट दाखवतं. कोणत्याही दिशेने आलेल्या वाटसरूला वळसा घालावा लागू नये म्हणून तो चहूबाजूंनी खुला असे. घर म्हणजे आधी पाहुण्याची सोय, मग आपला आडोसा, असा हा क्रम आहे. इसर्लेस यांनी आणखी एक चाल नोंदवली आहे. काही लोक हुप्पा उघड्या आकाशाखाली उभारत, संतती ताऱ्यांइतकी होवो या शुभेच्छेने. म्हणजे छताखालच्या माणसांना छतापलीकडचं आकाशही हवं होतं.

हातात धरलेला हुप्पा जवळून पाहिला तर ही रचना लगेच कळते. चार माणसं चार दांड्या धरून उभी असतात: वधूचा भाऊ, वराची मैत्रीण, एखादी मावशी, एखादा सहकारी. त्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे कापड एका कोपऱ्यात उतरतं. मधोमध त्याला झोळ पडतो आणि उंच वराच्या डोक्याला तो टेकतो. केतुबाचं वाचन लांबलं की दांडी धरलेला हात भरून येतो, माणूस हळूच हात बदलतो आणि सगळा चांदवा हलतो. भाड्याच्या हुप्प्यात हे होत नाही. तिथे प्रत्येक खांबाच्या तळाशी लोखंडी जड पत्रा असतो, वारा असेल तर वाळूच्या पिशव्या असतात, आणि फुलांची रांग लावून ते सगळं झाकलेलं असतं. जे काम चार आप्तांनी करायचं ते वजनाने केलं जातं. सोय म्हणून मला यात गैर वाटत नाही, सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, मालकीचे कायमचे हुप्पेही खांबांवर उभे असतात. पण या बदलात एक गोष्ट जाते, आणि ती गेल्याचं भान तरी असावं. या घराला माणसांनी पेलून धरलं आहे, हे सांगणारा हलता कोपरा आता दिसत नाही.

३. स्मशानातला हुप्पा

सजावट पूर्ण काढून घेतली तर हुप्प्याचं काय उरतं? इतिहासाने हा प्रयोग एकदा नव्हे, अनेकदा केला आहे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व युरोपात पटकीच्या साथी येत. काही ज्यू वस्त्यांत अशा वेळी गावातली अनाथ, गरीब किंवा अपंग मुलगी आणि तसाच मुलगा निवडून त्यांचं लग्न स्मशानभूमीत लावत. खर्च सगळ्या गावाचा. थडग्यांच्या मधोमध हुप्पा उभा राही. निराधारांचं लग्न लावून देणं हे मोठं पुण्यकर्म, त्या पुण्याने साथ हटेल ही श्रद्धा. यिद्दिशमध्ये, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या भाषेत, याला ‘काळं लग्न’ म्हणत. १९१८च्या इन्फ्लुएंझात ही चाल अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फिया आणि विनिपेगच्या ज्यू स्मशानभूमींतही दिसली.

या प्रथेचं उदात्तीकरण मला करायचं नाही. ज्यांना एरवी कोणी विचारत नव्हतं अशा दोन जिवांना संकटाच्या वेळी पुढे करायचं, यात क्रौर्य होतं, आणि त्या वधूला त्या गर्दीत काय वाटलं असेल हे कोणी नोंदवून ठेवलेलं नाही. तरीही ही घटना हुप्प्याबद्दल जे सांगते ते कोणत्याही कॅटलॉगमधून कळणार नाही. भेदरलेल्या गावाला एकत्र उभं राहायला जागा हवी होती, आणि त्याला ती चार दांड्यांखाली सापडली.

दुसरं उदाहरण १९४५नंतरच्या जर्मनीतलं. छळछावण्यांतून वाचलेले ज्यू निर्वासितांच्या छावण्यांत राहत होते. आईबाप गेले होते, घरं गेली होती, आणि तिथे लग्नांची रीघ लागली. पॅराशूटच्या कापडाचा शिवलेला एक वधूवेश एकीमागून एक मुलींनी घातला. आज तो बर्गन-बेल्सनच्या संग्रहालयात आहे. प्रार्थनेची शाल, तालीत, चौघांनी चार कोपऱ्यांना धरली की हुप्पा तयार होई. ज्यांच्या डोक्यावर खरं छप्परच नव्हतं त्यांना हा विधी वगळावासा वाटला नाही, हे मी या लेखातलं सर्वांत जड प्रमाण मानतो.

४. त्याखाली कोण उभं राहू शकतं

हुप्पा ही निव्वळ सजावट असती तर त्यासाठी कोणाला धरणं धरावं लागलं नसतं. मराठी वाचकाला हे सांगायला दूर जायला नको. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ते मराठी बोलणारे ज्यू १९४८नंतर हजारोंनी इस्राएलला गेले. तिथे ज्यूंची लग्नं १९५३च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवलेली आहेत, ज्यू नागरिकांसाठी नोंदणी विवाहाची सोय देशात नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुख्य रब्बी इत्झाक निस्सीम यांच्या काळात, रब्बींच्या परिषदेने विवाह नोंदणाऱ्यांना आदेश दिला: बेने इस्राएल व्यक्ती इतर ज्यूंशी लग्न करायला आली तर तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करा. शतकानुशतकं शब्बाथ पाळणाऱ्या, मुलांची सुंता करणाऱ्या लोकांना हुप्प्याच्या तोंडाशी अडवून विचारलं गेलं की तुम्ही खरे ज्यू कशावरून.

ते गप्प बसले नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेचं, क्नेसेटचं, खास अधिवेशन भरलं आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव झाला. रब्बींनी आदेशातून त्या समाजाचं नाव काढलं. अलिबाग-पेण-रेवदंड्याच्या मातीतल्या माणसांनी दिलेली ही लढाई महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

ही कडी अजून सुटलेली नाही. रब्बींना मान्य नसलेली जोडपी सायप्रसला जाऊन नोंदणी विवाह करतात. तिथली नोंद इस्राएलमध्ये करून घ्यावी लागते, हे १९६३मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. इस्राएलमधल्या २०१३च्या कायदेदुरुस्तीनंतर लग्न लावून त्याची नोंद न करणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चार दांड्या आणि एक कापड, त्यावर राज्यसंस्थेचा एवढा पहारा. ‘देखणी चौकट’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि ‘इतरांनी हात लावू नये’ म्हणणाऱ्यांनीही घ्यावं, कारण हुप्प्याभोवतीचं कुंपण बाहेरच्यांपेक्षा आपल्याच माणसांना जास्त लागलेलं आहे.

५. आक्षेप

पहिला आक्षेप: धर्मकृत्य सुंदर रीतीने करावं, हे ज्यू परंपरेचंच सांगणं आहे, मग फुलांना नावं का ठेवता? मी ठेवत नाही. भरजरी मखमलीचे हुप्पे सिनेगॉगांनी पिढ्यान् पिढ्या जपले. पण त्याच परंपरेने सजावटीला मर्यादाही घातली, आणि ती कंजूषपणाने घातली नव्हती. इ.स. ७०मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. रोमनांशी झालेल्या त्या युद्धांच्या काळात रब्बींनी वरांचे मुकुट बंद केले आणि सोन्याने मढवलेल्या किरमिजी वस्त्रांचे हुप्पेही बंद केले. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथातल्या ‘सोता’ या भागात हे येतं. तिथेच पुढे सूट आहे: लव्हाळ्यासारख्या साध्या काड्यांचा सांगाडा करा आणि त्यावर हवं ते टांगा. मला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो. आनंदाला बंदी नाही, फुलाफळांना बंदी नाही. बंदी आहे ती एवढं मोठं दुःख झालंच नाही असं भासवणाऱ्या डामडौलाला. विधीच्या शेवटी पेला फोडतात त्यामागे हीच आठवण आहे. पुढेही, १४१८मध्ये इटलीतल्या फोर्ली इथे जमलेल्या ज्यू प्रतिनिधींनी लग्नसमारंभांवरच्या खर्चाला लगाम घालणारे नियम केले. म्हणजे ‘किती सजवावं’ हा प्रश्न परंपरेला जुनाच आहे, आणि तिने तो दिसण्यावरून कधी सोडवला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हुप्पा वराचं घर दर्शवतो. वर देतो, वधू घेते. वर उभा असतो, वधू त्याच्याभोवती फेरे घालते. या कृतीतच विषमता असेल तर ‘कृती जपा’ म्हणण्यापेक्षा तिला फुलांखाली गाडलेलं काय वाईट? मला वाटतं, याचं उत्तर फुलांत नाही, कृती बदलण्यात आहे, आणि ते काम ज्यू स्त्रियांनी केलेलं आहे. अनेक उदारमतवादी लग्नांत आता दोघंही अंगठी देतात, दोघंही एकमेकांभोवती फिरतात. रेचल अ‍ॅडलर या विदुषीने १९९८च्या ‘एन्जेंडरिंग ज्युडाइझम’ या पुस्तकात लग्नाचा पायाच बदलला. स्त्रीला ‘मिळवण्या’च्या कायद्याऐवजी तिने भागीदारीचा कायदा घेतला: दोघं आपापली मोलाची वस्तू एका पिशवीत टाकतात आणि ती पिशवी मिळून उचलतात. परंपरेशी असं भिडता येतं. विषमता खटकत असूनही विधी तसाच ठेवून वर गुलाबांची कमान चढवणारे त्या विषमतेला हातही लावत नाहीत.

तिसरा आक्षेप मिश्र विवाहांचा. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२०च्या पाहणीत, २०१०नंतर लग्न केलेल्या अमेरिकी ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नव्हता. अशा लग्नात कर्मठ धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती कृती घडतच नाही. मग माझ्याच कसोटीने तो हुप्पा फोटोची चौकट ठरतो का? मी तसं म्हणणार नाही. लोकांसमोर वचन द्यायचं, साक्षीदार ठेवायचे, करारावर सह्या करायच्या आणि मोकळ्या बाजूंच्या घरात पाऊल टाकायचं, हे मनापासून घडत असेल तर कृती घडते आहे. रब्बी तिला मान्यता देवोत न देवोत.

हिंदू-ज्यू लग्नांत, आणि त्यांत अमेरिकेतली मराठी घरंही आहेत, एकाच चौखांबी रचनेला मंडप आणि हुप्पा दोन्ही म्हटलं जातं. त्यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘तिकडे सात फेरे, इकडे सात पावलं, झालं की सारखं’ या हिशेबाला. वधूचे फेरे ही मुख्यतः पूर्व आणि मध्य युरोपातल्या ज्यूंची चाल. सप्तपदीत दोघं मिळून पुढे चालतात, प्रत्येक पावलाला वेगळा संकल्प. शिवाय हुप्प्याखालच्या सात आशीर्वादांना दहा जणांची हजेरी लागते. आकडा जुळला म्हणून अर्थ जुळत नाही. खरं साम्य पाहायचं तर मुहूर्तमेढीकडे आणि मंडपोद्वासनाकडे पाहावं. आपल्याकडेही मांडव विधीने उभा राहतो आणि विधीने उतरतो, कारण तो कायमचा ठेवायचा नसतो. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी यावर अर्धा तास बोलावं. इव्हेंटवाल्याने सुचवलेल्या ‘फ्यूजन थीम’पेक्षा त्यातून खूप अधिक हाती लागेल.

उरला शेवटचा आक्षेप: ज्यूंशी काही संबंध नसलेल्या जोडप्याने नुसता छान दिसतो म्हणून हुप्पा लावला तर कोणाचं काय बिघडतं? त्या दिवशी कोणाचंच नाही. पण नाव आणि कृती यांची फारकत होत गेली की ज्यांना ती कृती हवी आहे त्यांनाही बाजारातून नुसता सांगाडा मिळू लागतो, आणि सांगाडा म्हणजेच सगळं अशी त्यांची समजूत होते. तरुण ज्यू जोडप्यांचं हेच होताना दिसतं. हुप्प्याची चर्चा रंगसंगतीपासून सुरू होते आणि साक्षीदार कोण, हे आदल्या दिवशी ठरतं.

६. काय करता येईल

चांगली उदाहरणं आहेत, आणि ती आधुनिक आहेत. अनिता डायमंट यांचं ‘द न्यू ज्यूइश वेडिंग’ हे १९८५चं पुस्तक वाचून कित्येक जोडप्यांनी आपला हुप्पा स्वतः घडवला. नातेवाईक-मित्रांकडून कापडाचे तुकडे मागवून आपल्या गोधडीसारखा चांदवा शिवण्याची पद्धत आज रूढ आहे. त्यात आजीच्या टेबलक्लॉथचा कोपरा असतो, कोणाच्या शर्टाचा खिसा असतो. आजोबांचं तालीत वर ताणणं तर त्याहून सोपं, त्याला डेकोरेटरही लागत नाही. बेतार या प्राचीन ज्यू गावात मुलगा झाला की देवदार आणि मुलगी झाली की दुसरं झाड लावत, आणि लग्नाच्या वेळी त्यांच्याच दांड्या करत, असं तालमूदात म्हटलं आहे. सजावटीसाठी वीस वर्षं वाट पाहणारी ती माणसं सौंदर्याची वैरी नव्हती.

म्हणून ज्यांच्या घरात असं लग्न ठरलं असेल त्यांना विनंती आहे. आधी साक्षीदार ठरवा. केतुबात काय लिहायचं ते दोघांनी बसून ठरवा. दांड्या धरायला चार माणसं बोलवा, आणि खांबच हवे असतील तर निदान कापड तरी कोणाच्या तरी वापरातलं घ्या. बाजू फुलांनी बुजवू नका, शेवटच्या रांगेतल्या आजीला वधूचा चेहरा दिसला पाहिजे. विधीनंतरची ती खोली आणि त्यातली दहा मिनिटं फोटोवाल्याला देऊ नका. एवढं झालं की हवी तेवढी फुलं लावा. आणि ज्यांच्या लग्नात यातलं काहीच व्हायचं नाही, त्यांनी डेकोरेटरकडे चांदवा मागावा. तो तितकाच सुंदर मिळेल.